पश्चात्ताप आणि पालट : ‘मेतानोइया’चा मराठी अर्थ

मार्काच्या शुभवर्तमानात येशू पहिल्यांदा बोलतो ते पहिल्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात. काळ भरला आहे, देवाचे राज्य जवळ आले आहे, एवढे सांगून तो ऐकणाऱ्यांना दोन गोष्टी करायला सांगतो. त्यांतली दुसरी विश्वास ठेवण्याची आहे. पहिलीसाठी मूळ ग्रीकमध्ये ‘मेतानोएइते’ हे आज्ञार्थी क्रियापद येते. त्याचे नाम ‘मेतानोइया’. मराठी बायबलात या जागी ‘पश्चात्ताप’ आहे. तो आपल्या कानांना इतका सरावाचा झाला आहे की, तिथे दुसरा एखादा शब्द असू शकला असता ही शंकाही मनात येत नाही.

प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, ‘पश्चात्ताप’ हा अनुवाद चुकीचा नाही, पण अर्धा आहे. मूळ शब्दात पोळणे असेलही, पण त्याचा भर पोळल्यानंतर माणूस कुठे वळतो यावर आहे. मराठीत पोळणे राहिले आणि वळणे निसटले. हा केवळ भाषांतराच्या बारकाव्याचा प्रश्न असता तर तो धर्मपंडितांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण एखाद्याला ‘पश्चात्ताप कर’ म्हणणे आणि ‘मन पालट’ म्हणणे यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. विशेषतः ऐकणारा स्वतःच अन्यायाखाली भरडलेला असेल तर.

शब्दाची घडण

‘पश्चात्’ म्हणजे मागाहून आणि ‘ताप’ म्हणजे पोळणे. कृत्य आधी घडले, जळणे नंतर आले. शब्दाचे तोंड भूतकाळाकडे आहे. आता ग्रीक शब्द पाहू. ‘मेता’ या उपसर्गाला ‘नंतर’ असा अर्थ आहे आणि ‘बदल’ असाही. ‘मेटामॉर्फोसिस’ म्हणजे रूपांतर, त्यात हाच उपसर्ग दुसऱ्या अर्थाने आला आहे. ‘नूस’ म्हणजे मन, बुद्धी, जाणण्याची शक्ती. ‘प्रोनोइया’ म्हणजे आधी सुचणे, दूरदृष्टी. तिच्या उलट ‘मेतानोइया’ म्हणजे मागाहून सुचणे. गंमत अशी की, अगदी शब्दशः पाहिले तर मराठीत याला प्रतिशब्द तयार आहे: पश्चात्‌बुद्धी. पण ती आपण चेष्टेने वापरतो. वेळ टळून गेल्यावर आलेल्या शहाणपणाला कोणी धर्माच्या दारावर लावणार नाही. म्हणून असेल, ‘पश्चात्’ तसेच राहिले आणि ‘बुद्धी’च्या जागी ‘ताप’ आला. मूळ शब्द डोक्याशी बोलत होता. मराठी शब्द काळजाशी बोलू लागला.

व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवण्याचा हव्यास मात्र आवरला पाहिजे. शब्दाचा जन्म कुठे झाला यावरून तो आज कुठे राहतो हे कळत नाही. जेम्स बार या अभ्यासकाने १९६१ साली बायबलच्या शब्दार्थविचारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात धर्मपंडितांच्या या खोडीवर नेमके बोट ठेवले होते. तेव्हा वापर पाहिला पाहिजे.

ख्रिस्तपूर्व ४२८ साली मितिलिनी या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले. बंड मोडल्यावर अथेन्सच्या सभेने संतापाच्या भरात ठराव केला की, तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. ठराव घेऊन जहाज निघाले. थुकिडिडीझ हा इतिहासकार सांगतो की, दुसऱ्याच दिवशी अथेन्सकरांना ‘मेतानोइया’ झाली. सभा पुन्हा भरली. ठराव मागे घ्यावा म्हणून जो वक्ता बोलला, त्याने दयेचा मुद्दा मुद्दाम बाजूला ठेवला आणि अथेन्सचे हित कशात आहे यावर भर दिला. थोड्या मतांनी ठराव फिरला आणि दुसरे जहाज पाठवण्यात आले. वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडता जेवण उरकले, पाळीपाळीने झोप घेतली. पहिल्या जहाजाचा हुकूम वाचून होतो न होतो तोच दुसरे जहाज बंदराला लागले आणि नगर वाचले. बंडाच्या पुढाऱ्यांना मात्र नंतर मारण्यात आलेच; तेव्हा ही काही साधुसंतांची कथा नाही. पण शब्दाचा अर्थ इथे स्वच्छ दिसतो. आदल्या दिवशीचा निर्णय क्रूर होता याची टोचणी त्यात होती, आणि ती टोचणी दुसरे जहाज पाठवण्यापर्यंत गेली. अथेन्सकर नुसतेच हळहळत बसले असते तर त्याला काय म्हणायचे ते म्हणता आले असते, पण मितिलिनी उरली नसती.

नव्या करारातल्या या शब्दामागे ग्रीकइतकीच हिब्रू परंपराही उभी आहे. हिब्रू संदेष्टे आपल्या लोकांना वारंवार सांगत ते ‘शूव’, म्हणजे परत फिरा. हा रस्त्यावरचा शब्द आहे. चुकलेल्या वाटसरूने मागे फिरावे तसा. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ‘शूव’साठी बहुधा ‘एपिस्त्रेफो’ हे दुसरे क्रियापद वापरले गेले. पण नव्या करारापर्यंत येताना ‘मेतानोइया’ने त्या परत फिरण्याचा बराच अर्थ आपल्या पोटात घेतला. येशूची बोली अरामी. सिरियाक बायबलात ‘मेतानोएओ’साठी ‘तूब’ हा धातू येतो. तो हिब्रू ‘शूव’चाच भाऊ.

याचा सर्वांत बोलका पुरावा लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना ‘मेतानोइया’ला शोभतील अशी फळे द्यायला सांगतो. लोक विचारतात, म्हणजे आम्ही काय करावे? योहान रडायला सांगत नाही, उपास सांगत नाही, अंगाला राख फासायला सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकात घेणाऱ्यांनी ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी लोकांना धाक दाखवून लुबाडू नये आणि आपल्या पगारात भागवावे. तिन्ही उत्तरांत भावनेचा उल्लेख नाही. कपडा, कर आणि पगार आहे. उद्या सकाळी नाक्यावर बसल्यावर हात कसा चालेल, एवढाच प्रश्न आहे.

पश्चात्ताप आणि पस्तावा

ग्रीकमध्ये हळहळण्यासाठी आणखी एक क्रियापद आहे: ‘मेतामेलोमाइ’. त्यात ‘नूस’ नाही. मनाला लागणारी रुखरुख आहे. नव्या करारात ‘मेतानोइया’ आणि तिचे क्रियापद मिळून ५० हून अधिक वेळा येतात. ‘मेतामेलोमाइ’ अवघे ६ वेळा. त्या सहांतला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग यहूदा इस्कर्योताविषयीचा आहे. येशूला शिक्षा ठरली हे पाहून यहूदाला ‘मेतामेलोमाइ’ झाले, त्याने चांदीची तीस नाणी परत आणली, आपण पाप केले असे म्हणाला, आणि जाऊन गळफास घेतला.

इथे भाषांतरकाराची कसोटी लागते. यहूदाने ‘पश्चात्ताप’ केला असे लिहिले तर वाचक विचारणार: मग त्याला क्षमा का नाही? येशूने पहिल्या दिवसापासून जे करायला सांगितले तेच तर त्याने केले! इंग्रजीच्या १६११ सालच्या अधिकृत भाषांतरात दोन्ही ग्रीक शब्दांसाठी एकच शब्द आला आणि हा घोटाळा शतकानुशतके चालला. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी बायबलात मात्र यहूदा ‘पस्तावतो’. म्हणजे मराठी भाषांतरकारांच्या नजरेतून हा भेद सुटला नव्हता. मेतानोइयासाठी पश्चात्ताप आणि मेतामेलोमाइसाठी पस्तावा, अशी त्यांनी वाटणी केली. इंग्रजीला जे साधले नव्हते ते त्यांनी इथे साधले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

अडचण पुढेच आहे. पस्तावा हा पश्चात्तापाचाच तद्भव. संस्कृत शब्द प्राकृताच्या वाटेने घासत घासत मराठीत पस्तावा झाला, हिंदीत पछतावा झाला. म्हणजे भाषांतरकारांनी एकाच माणसाला दोन पोशाख दिले: देवळात जाताना सोवळे, शेतात जाताना पंचा. आमच्या सानगडीकडे, झाडीपट्टीत, पस्तावा हा रोजच्या तोंडचा शब्द आहे आणि पश्चात्ताप पुस्तकातला. गावातल्या माणसाला विचारले तर तो दोहोंत अर्थाचा फरक सांगणार नाही, भारदस्तपणाचा सांगेल. ग्रीकमधला भेद जातीचा होता. मराठीत तो फक्त पायरीचा झाला. तत्सम म्हणजे पवित्र आणि तद्भव म्हणजे निष्फळ, असा भार या जोडीवर टाकला गेला आणि तो तिला पेलण्यासारखा नव्हता.

हा भेद मूळ ग्रीकमध्येही सर्वत्र काटेकोर नाही, हेही सांगायला हवे. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बापाने द्राक्षमळ्यात जायला सांगितले तेव्हा पहिला नाही म्हणाला, पण मागाहून ‘मेतामेलोमाइ’ होऊन गेला. म्हणजे हाच शब्द इथे चांगल्या वळणावर पोचला. उलट पेत्राने येशूला नाकारले आणि नंतर तो ओक्साबोक्शी रडला, तिथे दोहोंपैकी एकही शब्द नाही. यहूदाने तर पैसे परत केले, कबुलीही दिली. नुसत्या कृतीच्या मापाने मोजले तर तो पेत्राच्या पुढे जाईल. मग उणे काय राहिले? मला वाटते, यहूदाच्या हळहळीला पुढे रस्ता नव्हता. याजकांनी त्याला ‘तुझे तू पाहा’ अशा अर्थाचे उत्तर देऊन दार लावून घेतले, आणि त्यानेही पुढचे दार शोधले नाही. पेत्र मात्र परत आला. शब्दकोशातली भिंत कथेत तेवढी उंच नसते. पण ती कुठून कुठे जाते, हे कथाच दाखवते.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात हे तिन्ही धागे एकत्र आले आहेत. दुःख दोन प्रकारचे, असे तो सांगतो. एक दुःख ‘मेतानोइया’कडे नेते; दुसरे मरणाकडे. म्हणजे पौलाच्या हिशेबात दुःख हा रस्ता आहे, मुक्काम वेगळा आहे. आणि या मेतानोइयेला तो ‘आमेतामेलेतोस’ असे विशेषण लावतो, म्हणजे जिच्याबद्दल मागाहून रुखरुख लागत नाही अशी. हे मराठीत घालून पाहा: पस्तावा न होणारा पश्चात्ताप! ग्रीकमधला नेमका शब्दखेळ मराठीत कोडे होऊन बसतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एसावाची गोष्ट येते. त्याने अश्रू ढाळले, पण त्याला मेतानोइयेला जागा सापडली नाही. अश्रू होते आणि ती नव्हती, असे हे पत्र सांगते. जिथे पश्चात्ताप म्हणजेच अश्रू, त्या भाषेत हे वाक्य वाचकाच्या हातून निसटणारच.

लॅटिनच्या वाटेवर

हा घोटाळा मराठीचा एकटीचा नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सिद्ध केलेल्या लॅटिन बायबलात ‘मेतानोइया’साठी ‘पेनितेन्शिया’ आला. तो शिक्षा आणि प्रायश्चित्त यांच्या कल्पनेत गुंतत गेला. ‘मन पालटा’चे ‘प्रायश्चित्त घ्या’ झाले. त्याच्याही आधी तेर्तुलियन या लॅटिन लेखकाने ग्रीक शब्दाचा अर्थ मनाचा बदल आहे हे नोंदवले होते, पण चर्चचा व्यवहार दुसऱ्या दिशेने गेला. १५१६ साली इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला आणि आपल्या टिपांत ‘शुद्धीवर येणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने जी पंच्याण्णव विधाने मांडली, त्यांतले पहिलेच या शब्दाविषयी आहे. ही आज्ञा एका विधीपुरती नसून साऱ्या आयुष्याला लागू आहे, असे त्याचे म्हणणे. ग्रीक जाणणाऱ्यांकडून या शब्दाचा खरा अर्थ कळल्यावर आपल्याला किती मोकळे वाटले, हे त्याने १५१८ साली आपल्या गुरूला पत्राने कळवले. युरोपातल्या एका मोठ्या उलथापालथीची सुरुवात अशी एका शब्दाच्या अर्थापासून झाली.

मराठीत मात्र या शब्दावर असा वाद पेटल्याचे दिसत नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, ते लॅटिन परंपरेतले. विल्यम केरी यांनी श्रीरामपुरातून मराठी मत्तय १८०५ साली आणि नवा करार १८११ साली काढला. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या पंडितांनी भाषांतरे सुधारत नेली. हे पंडित शास्त्री होते. ग्रीक शब्दाला जोड शोधताना त्यांच्या हाताशी धर्मशास्त्राची संस्कृत परिभाषा आली, यात नवल नाही.

आपल्याकडची जोडी

पण त्या परिभाषेतही एकटा ताप नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. मनुस्मृतीबद्दल माझे मत काय आहे ते सांगण्याची ही जागा नव्हे. पण तिच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या प्रकरणात एक नेमका विचार आहे. पाप करून जो संताप पावतो तो त्या पापातून सुटतो. मात्र शुद्ध होतो तो ‘पुन्हा असे करणार नाही’ अशा निवृत्तीने. संताप आणि निवृत्ती अशी ही जोडी आहे. निवृत्ती म्हणजे वळणे, मागे फिरणे. हिब्रू ‘शूव’च्या शेजारी हा शब्द ठेवला तर परका वाटत नाही.

दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार पायऱ्यांवर चार समास आहेत. त्यांतल्या मुमुक्षूच्या समासात समर्थांनी आपले दोष आठवून पोळणारा माणूस उभा केला आहे. पण तो दुसऱ्या पायरीवर आहे. तिथेच बसून राहिला तर तो साधक होत नाही. संतांनी ‘अनुताप’ हा शब्द आदराने वापरला, पण त्याला दारातच उभे केले; घर पुढे होते. आपल्या लोककथेतला वाल्या कोळीही याच वाटेने जातो. बायकोने पापात वाटा घ्यायला नकार दिला तेव्हा त्याला आधी कळले, मग तो बदलला. त्याच्या रडण्याची गोष्ट कोणी सांगत नाही. त्याच्या अंगावर चढलेल्या वारुळाची सांगतात.

म्हणजे शास्त्री मंडळींनी जोडीतला एकच शब्द उचलला. ताप घेतला आणि निवृत्ती सोडली. सोडण्यामागे कारणही असावे. निवृत्ती म्हटले की आपल्याकडे संसार सोडण्याचा अर्थ येतो, आणि योहान तर शिपायाला नोकरी सोडायलाही सांगत नव्हता.

होणे आणि करणे

इथे मराठीच्या व्याकरणाने आणखी एक पेच टाकला आहे. आपण ‘मला पश्चात्ताप होतो’ असे म्हणतो, ‘त्याला पस्तावा झाला’ असे म्हणतो. भूक लागावी, झोप यावी, तसा तो माणसाला येतो. माणूस कर्ता नसतो, तो चतुर्थीत असतो. ग्रीक क्रियापद याच्या उलट आहे. ते कर्तरी आहे आणि आज्ञार्थात आहे. मार्काच्या त्या वचनात तर ते वर्तमान आज्ञार्थात आहे, ज्यात एकदा करून मोकळे होण्यापेक्षा करीत राहण्याची छटा आहे. ‘पश्चात्ताप करा’ ही आज्ञा म्हणूनच मराठीत जरा अवघडल्यासारखी उभी राहते. भूक लागण्याची आज्ञा देता येत नाही, तशी जळण्याचीही देता येत नाही. मग आज्ञा पाळायची तर माणूस जळण्याचा आव आणतो. ‘आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता’ हे वाक्य आपल्या वृत्तपत्रांत वरचेवर येते, ते यामुळेच. आपण चेहरा तपासतो. लूबाडलेले परत केले का, हे नंतर विचारतो, किंवा विचारतच नाही.

मग दुसरे शब्द कोणते? ‘उपरती’ अर्थाने फार जवळ आहे. तिच्यात थांबणे आहे, कळणे आहे. पण तीही होते, करता येत नाही. शिवाय निवडणुकीच्या बातम्यांनी तिला उपरोधाची सवय लावली आहे. ‘हृदयपरिवर्तन’ हा शब्द गांधी-विनोबांच्या परंपरेने जड केला. विनोबांनी नव्या करारातून ‘ख्रिस्तधर्मसार’ निवडले आणि १९५१ पासून भूदानासाठी गावोगाव पायी हिंडून जमीनमालकांकडून जमीन मागितली. हृदय बदलले की सातबारा बदलला पाहिजे, हा त्यांचा हिशेब योहानाच्या दोन अंगरख्यांच्या जातीचा आहे. पण हा शब्द सभेचा आहे. बाजारातल्या माणसाला ‘हृदयपरिवर्तन करा’ म्हणता येत नाही. ‘मतांतर’ फारच डोक्यातले झाले, ‘धर्मांतर’ फारच कागदावरचे.

माझ्या मते साधे ‘मन पालटा’ सर्वांत जवळ जाते. पालटणे हे मराठीत कर्तरीही आहे आणि अकर्मकही. मन पालटते आणि माणूस मन पालटतो, दोन्ही चालते. दिवस पालटतात, कूस पालटते. प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र ‘मेतानोएओ’ आणि ‘एपिस्त्रेफो’ ही दोन्ही क्रियापदे जोडून वापरतो. तिथे ‘मन पालटा आणि मागे फिरा’ म्हटले तर दोन्ही शब्दांना आपापले काम मिळते. आमच्याकडे धानाच्या बांधीचा धुरा फुटून पाणी वाहून गेले तर पस्तावा कोणालाही होतो. पण रात्रीच फावडे घेऊन धुरा बांधायला जाणारा वेगळा. ‘पालट’मध्ये ते फावडे आहे.

कोणाला उद्देशून?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुली व बायका केडगावला घेऊन गेल्या. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. उपासमारीने आणि त्याहून वाईट गोष्टींनी मोडलेल्या एखाद्या मुलीला ‘पश्चात्ताप कर’ असे सांगितले तर तिने काय समजावे? तिने केले काय होते? तिच्यावर केले गेले होते. पश्चात्तापाच्या शब्दात गुन्हा आधीच गृहीत धरलेला असतो. ‘मन पालट’ मात्र तिलाही सांगता येते: तू कोणी नाहीस असे जगाने तुझ्या मनात भरले आहे, ते पालट. गालीलच्या कोळ्यांना आणि कराने वाकलेल्या शेतकऱ्यांना येशूने हाक दिली तेव्हा त्यांच्यापुढे आधी राज्य जवळ आल्याची वार्ता ठेवली होती, पापांची यादी नव्हे.

याला उलट पुरावाही आहे आणि तो दडवता येणार नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात जे धार्मिक उत्थान झाले, त्यात मुली मोठ्याने रडल्या, त्यांनी पापे कबूल केली, आणि अंगात आग पेटल्याचा अनुभव सांगितला. तिथल्या मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली त्यावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच अग्नी आहे. ‘ताप’ हा शब्द त्या मुलींनी शब्दशः जगला. ज्यांना आयुष्यभर कोणी विचारले नाही त्यांना आपल्या आतले काही मोठ्याने बोलण्याची ती पहिली संधी असेल, तर त्या तापाला अर्धा म्हणताना मलाही दोनदा विचार करावा लागतो. पण त्याच मुली पुढे वाचायला शिकल्या, छापखान्यात काम करू लागल्या, आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेले बायबल केडगावात त्यांच्या हातांनी छापले गेले. ते संपूर्ण रूपात १९२४ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर आले. आग ही सुरुवात होती. खिळे जुळवणारे हात हा पालट.

रमाबाईंचे स्वतःचे म्हणणेही विचार करण्यासारखे आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढे आठ वर्षे लागली. धर्मांतराची तारीख एक आणि मेतानोइयेची दुसरी. रेव्हरंड टिळकांचेही तसेच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. ती गाडी आमच्या जिल्ह्यातून, वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून जाते. बाप्तिस्मा झाला १८९५ साली. मधली दोन वर्षे मन पालटत होते.

आणि या सगळ्यांत मला सर्वांत नेमका वाटतो तो लक्ष्मीबाई टिळकांचा प्रसंग. ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात की, बाप्तिस्मा घेण्याच्या आधी, सोवळेओवळे कडक पाळत असताना, एके दिवशी एकट्याच विचार करीत बसल्या असता त्यांना उमगले की, जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. झाले. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. डोळ्यांत पाणी नाही, छाती पिटणे नाही. कुठल्या उपदेशकाचे व्याख्यानही चाललेले नव्हते. ‘नूस’ पालटली आणि त्याच दिवशी हात पालटला. या प्रसंगाला ‘लक्ष्मीबाईंचा पश्चात्ताप’ असे नाव कोणी देणार नाही, कारण मराठीत ते बसत नाही. ग्रीकमध्ये मात्र यासाठी नेमका शब्द आहे.

जुने शब्द एकाच्या सांगण्यावरून बदलत नाहीत आणि बदलूही नयेत. ‘पश्चात्ताप’ या शब्दाला दोनशे वर्षांच्या प्रार्थनांची ऊब लागली आहे. मराठी बायबलाच्या पुढच्या आवृत्तीत निदान लूकच्या तिसऱ्या अध्यायाखाली ‘मन पालटणे’ अशी टीप पडली, तरी वाचकाला दोन अंगरख्यांचा आणि जकातीचा संबंध लागेल. बाकीच्यांनी, ख्रिस्ती असोत वा नसोत, एवढे करावे: पुढच्या वेळी कोणी आपल्या कृत्याबद्दल पश्चात्ताप झाल्याचे जाहीर करील, तेव्हा त्याचा चेहरा न्याहाळू नये. दुसरे जहाज निघाले का, ते विचारावे.